वाचून दाखवला, बरोबर आहे

साहेबानं फेकलेला कागद माझ्या छातीला लागून खाली पडला. मी ताठ उभा होतो. पलीकडं बाकड्यावर हाजराबी बसल्या होत्या. दोन कारकून मान वर करून बघत होते.

"मेंढरं वळणाऱ्याच्या हातात टाक दिला की असंच होणार," साहेब म्हणाले. "उचल तो. खाली बसून लिही. खुर्चीत बसल्यावर तुझं डोकं चालत नाही."

मी वाकून कागद उचलला. टोपी काढून बाजूला ठेवली. फरशीवर मांडी घातली. एका कारकुनानं तोंडाला रुमाल लावला, हसू दिसू नये म्हणून. एवढी तरी लाज त्याला होती. पुढच्या अर्ध्या तासात मला तेवढीही उरली नाही.

ही पोलीस ॲक्शननंतर दहा-बारा वर्षांनी घडलेली गोष्ट. महाराष्ट्र नुकताच झाला होता. औरंगाबादला पोलिसांच्या एका कचेरीत मी शिपाई होतो. आमच्या टेबलावर परदेशी लोकांच्या नोंदी असायच्या. परदेशी दोन तऱ्हेचे. एक गोरे, वेरूळची लेणी बघायला आलेले. दुसरे आपलेच. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत घाबरून कराचीला गेलेले, तिकडं मन लागलं नाही म्हणून पाकिस्तानचा पासपोर्ट घेऊन आपल्याच गल्लीत पाहुणे होऊन परतलेले. गोऱ्यांना साहेब चहा सांगायचे. ह्यांना बाकडं.

मला ते टेबल मिळालं उर्दूमुळं. आम्ही धनगर. दौलताबादच्या किल्ल्यामागं आमची वस्ती. निजामाच्या अमदानीत शाळा उर्दू होती, तिथं मी चार यत्ता शिकलो. पुढं मराठीत सातवी केली. आमच्या वस्तीत लिहिणारा पहिला मी. बा मेंढरं घेऊन शिवारोशिवार फिरायचा. जाईल तिथं पहिला सवाल, गाव कोणतं तुझं? बा उत्तर द्यायचा, पण ते कुणाला पटायचं नाही. कुठं चोरी झाली की आधी आमच्या पालांची झडती व्हायची. आई भांडी उलटी करून दाखवायची आणि बा हात जोडून उभा राहायचा. म्हणून मला खाकी पाहिजे होती. विचारणाऱ्यांच्या बाजूला जायचं होतं. गेलो.

साहेब मोठ्या जमीनदार घराण्यातले. माझी जात त्यांना पहिल्या दिवशीच कळली होती. चांगलं काम झालं की नाव घ्यायचे, चुकलं की मेंढरं काढायचे.

हाजराबींचं प्रकरण सरळ होतं. त्यांचा नवरा निजामाच्या जकात नाक्यावर शिपाई. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा निजामाची वर्दी घातलेला माणूस म्हणून तो घाबरला. धाकटा भाऊ निघाला होता, त्याच्या मागं हा बायकोला घेऊन गेला. लग्न झालेली एकुलती लेक, जुलेखा, इथंच राहिली, औरंगाबादच्या छावणी मोहल्ल्यात. कराचीत नवरा वारला. दिरानं पासपोर्ट काढून दिला, त्याच्यावर तीन महिन्यांची परवानगी मिळाली. हाजराबी लेकीकडं आल्या आणि मुदत वाढवत वाढवत राहिल्या. कुडत्यांवर कशिदा काढून द्यायच्या. दर मुदतीला कचेरीत यायच्या, बाकड्यावर तासन्‌तास बसायच्या. एकदा माझ्या वर्दीचं बटण लोंबत होतं, तर त्यांनी पिशवीतून सुईदोरा काढून तिथल्या तिथं शिवून दिलं. मी त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो. त्या मला बेटा.

मग वरून पत्र आलं. मुदत संपलेल्यांना परत पाठवा. पण त्याआधी एक ठरवायचं होतं, की बाईनं तिकडचं नागरिकत्व स्वतःच्या मर्जीनं घेतलं का. मर्जीनं घेतलं नसेल तर कागद दिल्लीला जाणार, चौकशी होणार, तोवर तिला हलवता येणार नाही. साहेबाला फायली लवकर मिटवायच्या होत्या. चौकशी म्हणजे फाईल उघडी.

मी जबाब घेतला. त्या बोलल्या तसा लिहिला. पासपोर्ट दिरानं काढला. कशावर अंगठा दिला ते मला ठाऊक नाही. माझा जन्म इथला, लेक इथं, मला इथंच राहायचंय. तोच कागद साहेबानं माझ्यावर फेकला.

साहेबानं खणातून एक नमुना काढून माझ्यापुढं टाकला. "ह्यावरनं उतरव. नाव-पत्ता बदल, बाकी काही बदलू नकोस."

नमुना सरकारी मराठीत होता. मी राजीखुशीने पाकिस्तानचे नागरिकत्व घेतले. तेथे माझे नातेवाईक आहेत. परत जाण्यास माझी हरकत नाही. आणि शेवटी ती ओळ, जी प्रत्येक जबाबाखाली असते. सदरचा जबाब मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

मी फरशीवर बसून सगळं उतरवलं. माझं अक्षर चांगलं होतं. त्या दिवशीही चांगलंच आलं, हे मला आठवतं.

शाईचा डबा घेऊन मी बाकड्याकडं गेलो. हाजराबींनी सगळं बघितलं होतं, कागद फेकलेला, मी खाली बसलेला. काय लिहिलं ते त्यांना कळलं नव्हतं. माझा अपमान तेवढा कळला होता. खालच्या आवाजात म्हणाल्या, "दिल पे नक्को लेओ बेटा. बडे लोगां ऐसेच रहते."

मी अंगठा कुठं लावायचा ते दाखवलं.

"क्या लिखे इसमें?"

"तुम बोले वहीच लिखा, खाला."

त्यांनी लगेच अंगठा दिला. घाईनं दिला, मला आणखी बोलणी बसू नयेत म्हणून. मग ओढणीच्या टोकाला शाई पुसली. माझ्या बोटाला लागलेली होती, तीही पुसली.

पुष्कळ वर्षं झाली. साहेबाचे शब्द मला आता तेवढे लागत नाहीत. ओढणीनं बोट पुसलेलं मात्र अजून हातावरून जात नाही.

त्या वेळी मी स्वतःला काय सांगितलं तेही सांगतो. म्हटलं, हुकूम आहे. म्हटलं, कायदा मी केला नाही. म्हटलं, मी नाही लिहिलं तर दुसरा लिहील, वाईट अक्षरात लिहील. रझाकारांनी आमच्या वस्तीवरून मेंढरं हाकून नेली होती, चुलत्याला काठीनं मारलं होतं, तेही आठवून बघितलं. राग यावा म्हणून आठवलं. राग आला, पण तो हाजराबींवर काही जाऊन बसेना. ह्या बाईनं आमचं काय नेलं होतं?

पंधरा दिवसांत हुकूम निघाला. पोचवायला मीच. भाषा येते म्हणून. बाईमाणूस आहे म्हणून सोबत झडती घेणारी एक सखूबाई दिली. स्टेशनवर जुलेखा आली होती. तिला वाटत होतं की अर्ज नामंजूर झाला, कायदाच तसा आहे. तिनं माझे हात धरून सांगितलं की अम्माला वाटेत पाणी विचारत जा, ती स्वतःहून मागत नाही. मी व्हय म्हणालो.

मनमाडला गाडी बदलली, पुढं आणखी दोनदा. हाजराबी वाटेत माझ्याशी चांगल्या बोलत होत्या. मी त्यांना पाणी विचारत होतो. सखूबाई मला म्हणाली, किती जीव लावता तुम्ही म्हातारीला. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

राजस्थानात सरहद्दीजवळ एक लहान स्टेशन होतं. नुसती वाळू आणि पत्र्याची शेड. दुपारचं ऊन. तिथल्या चौकीत एक म्हातारा मुन्शी होता. त्याची पद्धत अशी, की पलीकडं जाणाऱ्या प्रत्येकाचा कागद तो मोठ्यानं वाचायचा, त्या माणसाला समजेल अशा बोलीत. त्याला कुणी तसं सांगितलं नव्हतं. तो आपला वाचायचा. माझ्या जबाबाचं हिंदी भाषांतर फायलीला जोडलेलं होतं. त्यानं चष्मा लावला आणि वाचलं. अपनी राजीखुशी से पाकिस्तान की नागरिकता ली. वहां रिश्तेदार हैं. वापस जाने में कोई एतराज नहीं. पढकर सुनाया गया, सही है.

हाजराबींनी आधी मुन्शीकडं बघितलं. त्यांना वाटलं दुसऱ्या कुणाचा कागद. मग मुन्शीनं त्यांचं नाव वाचलं, नवऱ्याचं नाव वाचलं, छावणीचा पत्ता वाचला. तेव्हा त्या माझ्याकडं वळल्या.

मला वाटलं शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मेरे कू पढ के सुनाना था बेटा," त्या म्हणाल्या. "पढ के सुनाया रहता तो मैं क्या करती, मालूम नै. पन मेरे कू मालूम तो रहता."

मुन्शीनं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि शिक्का मारला. एक कागद वाचायला त्याला किती वेळ लागला असेल? चहाचा कप पिऊन होईल एवढा. तेवढा वेळ माझ्याकडं नव्हता का? होता. उर्दू येत होती, गळा होता, वेळ होता.

हाजराबी पिशवी घेऊन पलीकडच्या गाडीत चढल्या. वळून बघितलं नाही. सखूबाई परतीच्या वाटेवर माझ्याशी एक शब्द बोलली नाही, मनमाडपर्यंत.

सुट्टी काढून मी वस्तीवर गेलो. तोवर बाला माझा लई अभिमान. दौलताबादच्या बाजारातून माझ्यासोबत चालायला त्याला आवडायचं. मी वर्दीत असलो तर मुद्दाम लांबच्या वाटेनं न्यायचा, लोकांनी बघावं म्हणून. मी त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं, तो म्हणेल, तुझा काय दोष, साहेबाचा हुकूम. ते ऐकायलाच मी गेलो होतो.

बा मेंढीच्या पायातला काटा काढत होता. त्यानं एवढंच विचारलं, "तू तिला वाचून नाय दाखवलं? व्हय का नाय, तेवढं सांग."

"नाय."

त्यानं काटा काढला, मेंढीला सोडलं आणि कळपाकडं निघून गेला. दुसऱ्या दिवशी बाजार होता. मी वर्दी घालून तयार झालो. बा म्हणाला, तू हो पुढं, मला काम हाय. त्यानंतर तो माझ्यासोबत बाजारात आला नाही.

जुलेखा कचेरीत यायला लागली. आईचं पत्र आलं होतं, दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं. त्यात कागदाचा उल्लेख होता. तिला जबाबाची नक्कल पाहिजे होती. ती बाकड्याच्या त्याच टोकाला बसायची. मी आतून दुसऱ्या दारानं जायचो. एकदा दारातच गाठ पडली. तिनं विचारलं, जमादारसाब, अम्माचा जबाब कुणी लिहिला? मी म्हणालो, बघावं लागेल. स्वतःचं अक्षर बघावं लागेल म्हणालो. असा मी.

सहा-सात महिन्यांनी दुसरं प्रकरण आलं. एक कल्हईवाला, साठीचा, दम्याचा माणूस. गोष्ट तीच, थोडी वेगळी. साहेबानं तोच नमुना काढून दिला. आता मला खुर्ची मिळाली होती, कारण मी शिकलो होतो. मी नमुना उतरवला. शेवटच्या ओळीशी आलो आणि टाक थांबला.

मी काही ठरवून थांबलो नाही. मला धीटपणा आला असंही नाही. कपाळावर घाम होता. पण ती ओळ हातून उतरेना. म्हणून मी उठलो, कल्हईवाल्याजवळ गेलो, आणि कागद पहिल्यापासून दखनीत, आमच्याकडच्या बोलीतल्या उर्दूत, वाचायला लागलो. मोठ्यानं. कारकून थांबले. अर्ध्यावर आलो तेव्हा कल्हईवाल्यानं शाईकडं नेलेला हात मागं घेतला आणि काखेत दाबून धरला.

"ये मैं बोलाच नै," तो म्हणाला.

साहेब आतून आले. "वाचायला कुणी सांगितलं तुला?"

"ओळ लिहायची हाय साहेब. वाचून दाखवला म्हणून. म्हणून वाचला."

साहेब हसले. मग हसणं थांबलं. म्हणाले, तुझ्या बापाला आमच्या शिवारात उभं राहू द्यायचं की नाही हे आमचा गडी ठरवायचा, आणि तू मला कायदा शिकवतोस? अंगठा घे. हा हुकूम आहे.

"नाय घेत."

दोनच शब्द. त्यांच्या आधी जे सहा-सात महिने गेले होते त्यांची मला लाज वाटली. एवढं सोपं होतं तर हाजराबींच्या वेळी का नाही? सोपं नव्हतं म्हणावं तर माझं काय झालं होतं तेव्हा? मला कुणी बांधलं नव्हतं. साहेबानं मला खाली बसवलं, आणि मी खाली बसल्याचा राग त्या बाईवर काढला, न वाचून. हे मला त्या दिवशी, नाय म्हणाल्यावर कळलं. आधी कळलं नाही.

मला निलंबित केलं. हुकूम मोडला, शिस्त बिघडवली. चौकशी साहेबाच्याच मित्रानं केली. नोकरी गेली. कल्हईवाल्याचा खरा जबाब मात्र घ्यावा लागला, कारण तोवर गल्लीत बोभाटा झाला होता. त्याचं प्रकरण दिल्लीला गेलं आणि तिथंच पडून राहिलं. तो दर तीन महिन्यांनी हजेरी लावत मरेपर्यंत इथं राहिला. हे मी माझं मोठेपण म्हणून सांगत नाही. एकाला वाचून दाखवलं म्हणून दुसरीला न दाखवल्याचं मिटत नाही.

वर्दी जमा केली त्याच दिवशी मी छावणीत जुलेखाच्या घरी गेलो. दारातूनच सांगितलं, तुमच्या अम्माचा जबाब मी लिहिला. त्या बोलल्या ते लिहिलं नाही. वाचून दाखवला नाही. विचारलं तेव्हा खोटं बोललो.

ती चौकट धरून उभी राहिली. बस म्हणाली नाही. पाणी दिलं नाही. मग विचारलं, "ये तुम कोर्ट में बोलते क्या?"

"हौ."

"इससे अम्मा वापस आती क्या?"

"मालूम नै."

"फिर बी बोलो," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

हाजराबी आल्या नाहीत. जुलेखानं कोर्टात केलेला अर्ज सुनावणीला यायच्या आत त्या कराचीत वारल्या. त्या वारल्याचं पत्र जुलेखानं मला दाखवलं नाही, दुसऱ्याकडून कळलं. तिनं अर्ज मागं घेतला नाही. तिला आईच्या नावावरचा तो खोटा जबाब पुसून पाहिजे होता. आणि मला माफ तिनं कधी केलं नाही. मी माफी मागितलीही नाही.

वकिलाच्या खोलीत माझं प्रतिज्ञापत्र तयार झालं. वकील चांगला माणूस होता. त्याला माझी कीव आली असावी. त्यानं लिहिलं होतं, वरिष्ठांच्या दबावाखाली व नोकरीच्या भीतीने सदरचा जबाब मी खोटा लिहिला. म्हणाला, असं ठेवू. तुमच्यावर खटला होणार नाही. शिवाय खरंही आहे.

मी म्हणालो, मला वाचून दाखवा. त्यानं वाचलं. मी पुन्हा वाचायला लावलं. मग टाक मागितला आणि "वरिष्ठांच्या"पासून "भीतीने"पर्यंत सगळं खोडलं.

"अहो, तुरुंगात जाल," वकील म्हणाला.

मी म्हणालो, "साहेबानं हुकूम दिला, ते लिहा. त्याचं नाव लिहा, हुद्दा लिहा. खाली माझंही नाव लिहा. हुकमाच्या आड मी उभा राहणार नाय. साहेबाला त्याचं उत्तर द्यायला लावा. माझं मी देतो."

वकिलानं दुसरा कागद घेतला. मी खुर्ची पुढं ओढली आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.